ऋणसंख्यांचे ऋण

२० एप्रिल २०२० हा दिवस अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. साथीमुळे जगाचे व्यवहार ठप्प झालेले, तेलाला मागणी नाही आणि साठवायला जागा नाही, अशा अवस्थेत अमेरिकेतील कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव त्या दिवशी पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर इतका खाली घसरला. तेल विकणाराच ते उचलून नेणाऱ्याला वर पैसे देऊ लागला! मुंबईच्या वायदेबाजारातील तेलाचे सौदे या भावाशी बांधलेले होते. त्यामुळे येथील सौदेही पिंपामागे उणे २,८८४ रुपये या दराने मिटविण्यात आले. त्यावर मोठा गहजब झाला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. भाव शून्याच्याही खाली जाऊ शकतो, हे येथील व्यवहारयंत्रणेने गृहीतच धरलेले नव्हते.

संगणकाच्या युगात घडलेली ही गोष्ट नवी वाटली, तरी तिच्यामागचा अविश्वास मात्र फार जुना आहे. शून्याहून कमी असे काही असू शकते का, हा प्रश्न गणिताच्या इतिहासात एक हजार वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हा विचारला गेला आणि तो विचारणाऱ्यांत त्या त्या काळातील अत्यंत कुशाग्र बुद्धीची माणसे होती. आज सहावी-सातवीच्या वर्गात एखादी मुलगी जेव्हा ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन हे कसे?’ असे विचारते, तेव्हा तिला बहुधा ‘नियम आहे, पाठ कर’ असे उत्तर मिळते. दुसऱ्यांदा विचारले, तर ती ढ ठरते. वस्तुतः ती ढ नसते. ती एका फार मोठ्या परंपरेत बसून प्रश्न विचारीत असते. तिला हे सांगायला मात्र वर्गात कोणी नसते.

या परंपरेचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याकडचा आहे. शके ५५० मध्ये, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने वयाच्या तिसाव्या वर्षी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकाराचे नियम त्याने पद्धतशीरपणे मांडले. दोन ऋणांची बेरीज ऋण, सारख्याच धनाची व ऋणाची बेरीज शून्य, ऋण व धन यांचा गुणाकार ऋण आणि दोन ऋणांचा गुणाकार धन, हे नियम आजच्या क्रमिक पुस्तकातील नियमांपेक्षा वेगळे नाहीत. यातील शब्दयोजनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज. व्यवहारातले, घराघरांत परिचित असलेले शब्द त्याने गणितात आणले. इंग्रजी भाषेने या संख्येला ‘नकारात्मक’ अशा अर्थाचे नाव दिले. ते नाव ऐकून मुलाच्या मनात काहीच उभे राहत नाही. मराठी मुलाच्या हाती मात्र त्याच्या भाषेनेच किल्ली दिलेली आहे. दहा-दहा रुपयांची तीन कर्जे माफ झाली, तर माणूस तीस रुपयांनी सुधारतो, हे त्याला सहज पटते. पण वर्गात आपण ही किल्ली बाजूला ठेवतो आणि ‘मायनस मायनस प्लस’ असा मंत्र त्याच्याकडून घोकून घेतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ऋणसंख्यांचा पहिला वापर ब्रह्मगुप्ताचा नव्हे. चीनमधील ‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथात धन-ऋणांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम येतात आणि इ. स. २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू ह्वेने धनासाठी तांबड्या व ऋणासाठी काळ्या कांड्या वापरण्याची पद्धत सांगितली आहे. शिवाय शून्याला शून्याने भागले तर उत्तर शून्य येते, हे ब्रह्मगुप्ताचे विधान आजच्या गणिताला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी सांगितल्याने ब्रह्मगुप्ताची थोरवी कमी होत नाही. शून्य व ऋण यांना इतर संख्यांच्या पंक्तीला बसवून त्यांचे सारे नियम एकत्र मांडण्याचे त्याचे काम निर्विवाद मोठे आहे.

त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी भास्कराचार्य येतात. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण करणाऱ्या या गणितज्ञाचे नाव महाराष्ट्राला विशेष जवळचे आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. भास्कराचार्यांनी ऋण उत्तरांना दिलेली वागणूक शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. ‘बीजगणिता’त माकडांच्या कळपाचे एक उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर तितकी माकडे गुहेत गेली व एक बाहेर दिसते, तर कळप केवढा? समीकरणाची उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले तर उणे दोन उरतात. उणे दोन माकडे लोकांना पटणार नाहीत, म्हणून भास्कराचार्य हे उत्तर सोडून देतात. 

याउलट ‘लीलावती’तील एका त्रिकोणाच्या बाजू १० व १७ आणि पाया ९ आहे. लंबाने पायाचे दोन खंड पडतात, ते १५ आणि उणे ६ असे येतात. येथे भास्कराचार्य ऋण उत्तर टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, लंब पायाच्या बाहेर पडतो, असा अर्थ ते लावतात. पायाच्या पलीकडे सहा मोजले की लंबाचा पाय अचूक सापडतो. अर्थ लागत असेल तर ऋण स्वीकारायचे, लागत नसेल तर ते का घेतले नाही हे सांगायचे, ही खऱ्या शिक्षकाची रीत होय. पुढे सोळाशे सालाच्या सुमारास, मूळच्या विदर्भातील व काशीला स्थायिक झालेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी ‘बीजगणिता’वरील आपल्या टीकेत ऋणत्व दिशेचे, काळाचे आणि वस्तूंचे असे तीन प्रकारचे असते, असे विवेचन केले.

युरोपची कथा याहून अडखळत चालते. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसला चार पट अज्ञात अधिक वीस बरोबर चार हे समीकरण असंबद्ध वाटले, कारण उत्तर उणे चार येते. नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मीने वर्गसमीकरणांचे सहा प्रकार पाडले, ते ऋण पदे येऊच नयेत अशा बेताने. तेराव्या शतकात पिसाच्या फिबोनाचीने एका कोड्याचे ऋण उत्तर त्या माणसाचे कर्ज मानून स्वीकारले खरे. परंतु १४९४ मध्ये व्हेनिस येथे पाचिओलीने द्विनोंदी पद्धतीचे वर्णन छापले, तेव्हा व्यापाऱ्यांनी या अडचणीतून काढलेली वाट साऱ्या युरोपपुढे आली. जमेला एक रकाना, नावेला दुसरा. दोन्हीकडे सरळ संख्या लिहायच्या व शेवटी ताळा जुळवायचा. ऋणसंख्येचा सारा व्यवहार तिचे नाव न घेता पार पाडण्याची ही युक्ती आजही प्रत्येक कचेरीतील खतावणीत चालू आहे.

गणितज्ञांना मात्र अशी पळवाट नव्हती. १५४५ मध्ये कार्दानोने ऋण मुळांना काल्पनिक ठरविले. शून्यातून चार वजा केले तर शून्यच उरते, हे ज्यांना समजत नाही अशा लोकांविषयी पास्कालने नवल व्यक्त केले. त्याचा मित्र आंत्वान आर्नो याची शंका तर आजही विचारात पाडते. उणे एक हा एकाहून लहान. मग लहानाचे मोठ्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचे लहानाशी कसे असेल? पण उणे एकास एकाने भागा किंवा एकास उणे एकाने, उत्तर तेच येते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मसेरेसने १७५८ मध्ये आणि विल्यम फ्रेंडने १७९६ मध्ये ऋणसंख्यांना बीजगणिताबाहेर घालवावे, असा आग्रह धरणारी पुस्तके लिहिली. ब्रह्मगुप्ताचे नियम लिहून झाल्यावर साडेअकराशे वर्षांनंतरची ही गोष्ट आहे.

या इतिहासात एक विद्यार्थीही आहे. पुढे कादंबरीकार म्हणून ‘स्तांदाल’ या टोपणनावाने प्रसिद्धीस आलेल्या या फ्रेंच मुलाला गणिताचे विलक्षण वेड होते, कारण या शास्त्रात ढोंगाला जागा नाही अशी त्याची श्रद्धा होती. आपल्या आत्मवृत्तात तो सांगतो की, ऋण गुणिले ऋण धन कसे, हे त्याला कोणी समजावून दिले नाही. दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणले, तर माणूस पन्नास लाखांचा धनी होणार काय, अशी त्याची शंका होती. शंका अगदी रास्त आहे. कर्जाचे रूपक बेरजेपर्यंत उत्तम चालते, पण कर्जाला कर्जाने गुणणे याला व्यवहारात अर्थच नाही. गुणाकारात एक संख्या कर्जाची आणि दुसरी किती वेळा याची असते, आणि ‘उणे तीन वेळा’ म्हणजे तीन वेळा काढून घेणे, एवढे जरी त्याला कोणी सांगितले असते, तरी त्याचा बराचसा गोंधळ मिटला असता. शिक्षकांनी शंका उडवून लावली आणि त्या मुलाची आपल्या आवडत्या शास्त्राच्या सचोटीवरील श्रद्धाच डळमळली.

कोडे सुटले ते हळूहळू. १६८५ मध्ये जॉन वॉलिसने पाच पावले पुढे जाऊन आठ पावले मागे येणाऱ्या माणसाचे उदाहरण देऊन उणे तीनला सरळ रेषेवर जागा दिली. ऑगस्टस डी मॉर्गनने विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण दिले. बाप ५६ वर्षांचा व मुलगा २९ वर्षांचा असेल, तर बापाचे वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? उत्तर उणे दोन येते, म्हणजे ते दोन वर्षांपूर्वीच होऊन गेले. येथे प्रश्नच चुकीच्या दिशेने विचारला होता. कृष्ण दैवज्ञांचे काळाचे ऋणत्व ते हेच. शेवटी १८६७ मध्ये हेर्मान हांकेलने दाखवून दिले की, संख्यांचे नेहमीचे नियम अबाधित ठेवायचे असतील, तर दोन ऋणांचा गुणाकार धन मानण्यावाचून गत्यंतर नाही. 

हे सातवीच्या मुलालाही दाखविता येते. पाच वजा दोन म्हणजे तीन, चार वजा एक म्हणजे तीन आणि तीन गुणिले तीन म्हणजे नऊ. आता हाच गुणाकार पदे सुटी करून करा. वीस, त्यातून पाच गेले, आठ गेले, उरले सात. नऊ पुरे व्हायला दोन हवेत आणि ते दोन उणे दोन व उणे एक यांच्या गुणाकारातूनच यायला हवेत. म्हणून तो गुणाकार अधिक दोन. फळ्यावर चार ओळींत हे मावते.

हा विषय आज मुद्दाम मांडण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान देण्याचे ठरविले. गणिताचा इतिहास शाळेत येणार, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की, तो कोणत्या वेषात येणार? ‘शून्य आम्ही दिले’ एवढे वाक्य आणि ब्रह्मगुप्ताचे काल्पनिक चित्र असा तो आला, तर परीक्षेत रिकाम्या जागा भरण्यापलीकडे त्याचा उपयोग होणार नाही. त्याच पानावर उणे दोन माकडांचे उदाहरण, पायाबाहेर पडणारा लंब, आर्नोची शंका आणि डी मॉर्गनचे बापलेक आले, तर मात्र मुलाला कळेल की गणित आकाशातून पडलेले नाही. अडखळणाऱ्या, भांडणाऱ्या, चुकणाऱ्या आणि चुका सुधारणाऱ्या माणसांनी ते घडविले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, तेव्हा पूर्वजांचे श्रेय त्यांनी पुराव्याने सिद्ध केले. दीक्षित हे पेशाने शिक्षकच होते. हा वारसा पुढे चालविण्याचा पहिला अधिकार शिक्षकांचाच आहे.

अभ्यासक्रम मोठा, वर्गात साठ-सत्तर मुले, तास पस्तीस मिनिटांचा, मग इतिहास सांगायला वेळ कोठून आणायचा, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. परंतु नियम न समजता पाठ केलेला मुलगा पुढे दर वर्षी त्याच चिन्हावर अडतो आणि त्याला पुन्हा शिकविण्यात जो वेळ जातो, तो या हिशेबात कोणी धरीत नाही. एक तास आज खर्ची पडला, तर पुढचे अनेक तास वाचतील. शिवाय गणिताची भीती ही केवळ गुणपत्रिकेपुरती राहत नाही. कर्जाचे हप्ते, व्याजाचे दर, महागाईचे आकडे यांपुढे मान तुकविणारा नागरिक याच भीतीतून तयार होतो. संख्येला ‘का’ असे विचारण्याची सवय ज्याला वर्गात लागली नाही, तो उद्या सावकारालाही विचारणार नाही आणि सरकारलाही नाही.

ब्रह्मगुप्ताने ऋण हा शब्द व्यवहारातून उचलून गणिताला दिला. त्याची परतफेड अभिमानाच्या घोषणांनी होणार नाही. वर्गात वर आलेला हात खाली न पाडता त्या प्रश्नाचे उत्तर देणे, ही ती परतफेड होय.