गनिमी नव्हे, स्पॅनिश कावा!

मंडळी, आधीच सांगून टाकतो, या काव्यात घोडे नाहीत की तलवारी नाहीत. कावा म्हणजे स्पेनची फसफसणारी वाईन. या शब्दाचा तिकडचा अर्थ तळघर. बाटल्या तळघरात मुरतात, म्हणून वाईनचंही नाव तेच पडलं. स्पॅनिश माणसाच्या तोंडून तो ‘काबा’च्या जवळपास ऐकू येतो, पण आपण मराठी माणसं कावाच म्हणणार, नाही का? आणि ‘गुरिला वॉर’मधला गुरिला हा शब्दही मूळचा स्पॅनिशच! १८०८ साली नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं, तेव्हा छोट्या छोट्या टोळ्यांनी त्याला सतावलं. त्या ‘छोट्या युद्धा’वरून तो शब्द जगभर गेला.

असो. विषय निघायचं कारण मात्र एवढं गमतीचं नाही.

गेल्या महिन्यात आई आली होती. एका शनिवारी टीममधल्या आठ जणांना जेवायला बोलावलं. आई सकाळपासून ओट्याशी उभी. भरली वांगी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, शेवटी गरम गरम पोळ्या. मीही माझ्या परीने हातभार लावला, म्हणजे फोन उचलला आणि पनीर टिक्का, चिकन लॉलीपॉप, चीज बॉल्स असं सगळं मागवलं. सोबत व्हिस्की, बिअर, कोल्ड्रिंक. आठला सुरू झालेलं चरणं साडेदहापर्यंत चाललं. ताटं वाढली तेव्हा प्रत्येकाचं एकच पालुपद, "काकू, अगदी थोडंसंच हं!" अर्धी वांगी तशीच राहिली. रात्री आई ती डब्यात भरताना म्हणाली, "पोरांची पोटं भरली ना, मग झालं." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मला बार्सिलोना आठवलं. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष तिथे होतो. एका रविवारी एका कातालान सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. तिकडे दुपारचं जेवण दोन-अडीचला. मी दीडला पोचलो, तर टेबलावर एक वाटी ऑलिव्ह, एक वाटी खारे बदाम, थोडे बटाट्याचे वेफर्स आणि बशीत मोजून आठ-दहा अँचोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे. बस्स! मनात म्हटलं, एवढ्यावर सहा माणसं? त्याने बर्फातून बाटली काढली आणि आवाजही न करता उघडली. बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, हे तेव्हा कळलं. प्रत्येकाला एकेक ग्लास मिळाला आणि बाटली संपली. पाऊण तास गप्पा झाल्या, वाट्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच्या आईने भाताचं भलंमोठं पातेलं आणून ठेवलं तेव्हा मला कडकडून भूक लागली होती. दोनदा वाढून घेतलं. म्हातारी खूश!

हाच तो कावा. चटकन हल्ला करायचा आणि शत्रू सावरायच्या आत पसार व्हायचं. आपले स्टार्टर्स मात्र पानिपताला निघाल्यासारखे बाजारबुणग्यांसकट येतात आणि तळ ठोकून बसतात.

यामागे साधं शास्त्र आहे. आंबट चवीने तोंडाला पाणी सुटतं. खारट पदार्थामुळे वाईनचा आंबटपणा बोचत नाही, आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. आपल्या पानाची डावी बाजू काय वेगळं करते? मीठ, लिंबू, कोशिंबीर, लोणचं. कावा म्हणजे जेवणाआधी येणारी डावी बाजू, असं मी समजतो.

थोडा इतिहास. बार्सिलोनाहून लोकलने तासाभराच्या आत सांत सादुर्नी दानोया हे गाव येतं. जुझेप राव्हेंतोस या गृहस्थांनी १८७२ साली इथे शॅम्पेनच्या पद्धतीने पहिल्या बाटल्या भरल्या, पण द्राक्षं घेतली स्थानिक: माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा. आधी साधी पांढरी वाईन करायची. मग त्यात साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. यीस्ट साखर खातं, आणि तयार होणारा वायू बाहेर जायला वाट नसल्याने वाईनमध्येच विरघळतो. कावा म्हणवून घ्यायला बाटली यीस्टच्या गाळासोबत किमान ९ महिने ठेवावी लागते. ‘ग्रान रिझर्वा’ला ३० महिने. जेवणाआधी द्यायची तर लेबलवर ‘ब्रूट नेचर’ शोधा. त्यात वरून साखर घातलेली नसते आणि लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. आपण अशी वाईन नेमकी केक कापताना उघडतो, मग गोड केकपुढे ती आंबटढाण लागते आणि दोष बिचाऱ्या वाईनला! बरं, तेही प्यायच्या ऐवजी एकमेकांच्या अंगावर उडवून.

आपल्याकडे आयात शुल्क आणि करांमुळे कावा महाग पडतो, हे मान्य. पण नाशिकच्या पट्ट्यातही याच पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून वाईन होते. ती चालेल. सोबत खारे शेंगदाणे, भाजलेला पोह्याचा पापड, काकडीच्या चकत्या. झणझणीत काही नको, बुडबुड्यांनी तिखट आणखी झोंबतं. ७५० मिलीच्या बाटलीत सहा ग्लास होतात. सहा माणसांना एक बाटली, आणि दुसरी उघडायची नाही! शेवटी दारू ती दारूच. ज्याला गाडी चालवायची आहे किंवा जो पीतच नाही, त्याला तशाच ग्लासात थंडगार सोडा घालून कोकम सरबत द्या. आंबट, फसफसतं, काम तेच. खरं सांगायचं तर काव्यापेक्षा ही शिस्त महत्त्वाची, बाटली निमित्तमात्र.

"पण पाहुणे म्हणतील कंजूष आहे!" ही भीती मलाही वाटते. आपल्याकडे टेबल भरलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर पाहुणचार कसला? पण ज्या घरात कोणी पहाटेपासून राबून स्वयंपाक केलाय, तिथे हॉटेलातल्या चीज बॉल्सने पाहुण्यांची पोटं भरणं हा पाहुणचार नव्हे. तो त्या स्वयंपाकाचा अपमान आहे. मी तो केला, म्हणून बोलतोय.

दिवाळीनंतर आई पुन्हा येणार आहे. त्याच आठ जणांना बोलावणार आहे. दोन वाट्या शेंगदाणे, पापड, दीड बाटली कावा आणि कोकम. फोनवर आईला बेत सांगितला तर म्हणाली, "अरे, एवढ्याने काय होणार त्यांचं?"

म्हटलं, "आई, तू फक्त वांगी जास्त कर."