नुसती नोंद नको, उपचार हवा!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडची किनारपट्टी झोडपून काढली. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. बागायतदाराच्या झाडांचे पंचनामे झाले. पण त्याच वाडीत मजुरी करणाऱ्या बाईचे मन खचले, तर त्याचा पंचनामा कोण करतो? अशी बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात येते ती अंग दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, एवढेच सांगत. केसपेपरवर अंगदुखी लिहिली जाते आणि दुखण्याची गोळी घेऊन ती घरी परतते.

शासनाला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. तीस वर्षांवरील माणसांसाठी आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटले का? प्रश्न योग्यच आहेत. पण उत्तर 'होय' आले तर पुढे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते.

याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील 'मानस' प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २४ दवाखाने निवडले गेले, १२ सरकारी आणि १२ खासगी. तपासणीचा निकाल सर्वच डॉक्टरांच्या हाती दिला होता. मात्र निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षण दिलेली एक साधी समुपदेशक होती आणि तिच्या कामावर मनोविकारतज्ज्ञाची देखरेख होती. ती रुग्णाशी बोलायची, आजार समजावून सांगायची, पाठपुरावा करायची. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा चमूकडील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नुसत्या तपासणीवर थांबलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या सरकारी दवाखान्यावर गरीब माणूस अवलंबून आहे, तेथेच चमूची खरी गरज आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रश्न आशाताईंनी विचारावेत, त्याचा मोबदला त्यांना मिळावा. समुपदेशक केंद्रातच बसावी आणि ती वाडी-वस्तीतली, कोळीवाड्यातली, कातकरी वाडीची बोली जाणणारी असावी. औषध डॉक्टरांनी द्यावे. अवघड रुग्णांसाठी जिल्ह्याच्या तज्ज्ञाने ठरल्या दिवशी केंद्रात यावे. कारण श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे म्हणजे त्या बाईची दिवसाची मजुरी बुडाली. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक उपयोगी आहे, पण तो या चमूची जागा घेऊ शकत नाही.

हे कोणाचे उपकार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने हा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आमच्या केंद्रात किती जणांची उत्तरे 'होय' आली, आणि त्यांतल्या किती जणांना उपचार मिळाले?