इटलीचं यंत्र कारेगावच्या शेडपर्यंत यायचं असेल तर

उत्तर इटलीत पादुआ शहराजवळ काम्पोदार्सेगो नावाचं एक छोटं गाव आहे. त्या एका गावातल्या दोन कंपन्या आज आमच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत आहेत. पहिली कॅरारो. तिकडे १९३२ साली सुरू झालेली ही कंपनी ट्रॅक्टरचे आणि खोदकामाच्या यंत्रांचे ॲक्सल नि गिअरबॉक्स बनवते. तिची भारतातली कंपनी १९९७ साली स्थापन झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या शेअर बाजारात आली. दुसरी मास्किओ गास्पार्दो. दोघा भावांनी १९६४ मध्ये घरच्या गोठ्यात रोटाव्हेटर बनवायला सुरुवात केली, तीच ही कंपनी. तिचे रोटाव्हेटर आता घोडनदीकाठच्या रानांतही चालतात. त्याच वसाहतीत फियाट आणि टाटांचा एकत्र कारखाना आहे. तिथे बनलेली जीप कंपास इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि जपानपर्यंत गेली.

पुणे जिल्ह्याला इटलीचं तंत्रज्ञान नवं नाहीच. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या, १९७१ मध्ये तो करार संपला आणि त्या अनुभवावर चेतक उभी राहिली. पुढे पियाजिओ स्वतःच बारामतीला आली. पण ही सगळी मोठ्यांची गोष्ट झाली. मी लिहिते आहे ती या मोठ्या गेटांच्या बाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून.

कारेगावात आमचं गिअरचं जॉबवर्क आहे. माहेर केडगावचं, दौंड तालुक्यातलं. वडिलांचं वर्कशॉप गुऱ्हाळांवर चालायचं. क्रशरचा शाफ्ट वाकला, गिअरचे दात गेले, रोलर झिजला की बैलगाडीत नाहीतर ट्रॉलीत घालून माल आमच्या दारात यायचा. बटाल्याच्या लेथवर वडील रात्र-रात्र काम करत, कारण काहील थंड पडली तर गुऱ्हाळवाल्याचा तोडलेला ऊस वाळायचा. मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. आज माझ्याकडे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे गिअर आणि पिनियन कापले जातात. ते एका मोठ्या पुरवठादाराकडे जातात, तिथून असेंब्ली लाइनवर. शिरूर तालुक्यात कारेगाव, ढोकसांगवी, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात माझ्यासारखे किती तरी जण आहेत.

इटली आपली यंत्रं जगाला विकण्यासाठी फार मेहनत घेते. त्यांची सरकारी व्यापार संस्था १९२६ पासून हेच काम करते. मुंबईतलं इंडो-इटालियन चेंबर १९६६ पासून आहे. बेंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनात त्यांच्या यंत्रउत्पादकांचा स्वतंत्र विभाग असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी २०२५ ते २०२९ या काळासाठी संयुक्त कृती आराखडा जाहीर केला, त्यातही उद्योग आणि तंत्रज्ञान आहे. मी अशा कार्यक्रमांना गेले आहे. माणसं जाणकार असतात, आपल्या यंत्रावर त्यांचं मनापासून प्रेम असतं. पण बैठका ज्यांच्याशी ठरतात, ते आधीपासूनच इटलीशी व्यवहार करणारे असतात. ज्याच्याकडे वीस-पंचवीस माणसं कामाला आहेत, त्याला माहितीपत्रक मिळतं.

आम्हाला हे यंत्र का हवं, ते आधी सांगते. साध्या टर्निंगसाठी, मिलिंगसाठी मला परदेशाकडे बघायची गरज नाही. राजकोट आणि बेंगळुरूची सीएनसी मशिनं चांगली आहेत, माझ्याकडे तीच आहेत, आणि नवीन घेतली तरी तीच घेईन. प्रश्न दात ग्राइंड करण्याचा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, मोटर फार जोरात फिरते, त्यामुळे गिअरची बारीकशी शिट्टीही आत बसलेल्याला ऐकू येते. नुसता हॉबिंग केलेला, म्हणजे फक्त दात कापलेला, उष्णता-प्रक्रियेत किंचित वाकडा झालेला गिअर तिथे चालत नाही. तो कडक झाल्यावर काही मायक्रॉनपर्यंत घासून काढावा लागतो. अशी यंत्रं आपल्याकडे बहुतेक बाहेरूनच येतात. जर्मनी, जपान, स्वित्झर्लंड आणि इटली हे यातले जाणते देश. इटली यंत्र-अवजारांच्या उत्पादनात जगातल्या पहिल्या पाचांत आहे, आणि तिथले बरेच उत्पादक कुटुंबाचे, मध्यम आकाराचे आहेत. गिऱ्हाइकाचं काम बघून यंत्रात फेरफार करून देण्याची त्यांना सवय आहे. माझ्याकडे एका आकाराचे दोनशे नग येतात, दुसऱ्याचे चाळीस. अशा कामाला असाच उत्पादक हवा. ग्राइंडिंग करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये ‘मार्पोस’ हे नाव सांगून बघा. बोलोन्याजवळच्या मारिओ पोसाती यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या त्या कंपनीची मापन उपकरणं पुणे परिसरातल्या कामगारांना घरच्या माणसासारखी ओळखीची आहेत.

मग अडतं कुठे? पैशापाशी.

असं यंत्र काही कोटींच्या घरात जातं. किंमत युरोत. २०२५ मध्ये युरो शंभर रुपयांच्या वर गेला आणि कोटेशन हातात असतानाच आमचं गणित बिघडलं. विक्रेता ॲडव्हान्स मागतो, बाकी रकमेचं लेटर ऑफ क्रेडिट मागतो. बँक त्या क्रेडिटसाठी तारण मागते, आणि बँकेच्या लेखी तारण म्हणजे सातबारा. सरकारची ईपीसीजी योजना आहे; तिच्यात आयात शुल्क माफ होतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. माझा गिअर ॲक्सलमध्ये बसून परदेशी जातो, पण तो मी निर्यात केलेला नसतो. त्या निर्यातीशी माझं नाव जोडणारी कागदपत्रं वरच्या पुरवठादाराकडून मिळवताना छोटा माणूस दमून जातो.

इथेच मला इटलीच्याच इतिहासातली एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवायची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडेही अशाच छोट्या शेड होत्या. वडील-मुलगे-भाऊ मिळून काम करायचे, हातात कौशल्य होतं, तारणाला काही नव्हतं. २८ नोव्हेंबर १९६५ रोजी तिथे १३२९ क्रमांकाचा कायदा झाला. खासदार सबातिनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात व्यवस्था अशी होती: कारखानदाराने यंत्र घ्यायचं आणि बाकी रकमेच्या पाच वर्षांपर्यंतच्या हुंड्या लिहून द्यायच्या. विक्रेत्याने त्या हुंड्या बँकेत वटवून आपले पैसे लगेच घ्यायचे. बँकेच्या पाठीशी सरकारी वित्तसंस्था उभी, त्यामुळे व्याज परवडणारं. आणि तारण? खुद्द यंत्र. त्यावर ओळखपट्टी बसवायची, न्यायालयात नोंद करायची. पैसे फिटेपर्यंत विक्रेत्याचा हक्क यंत्रावर राहायचा. शेतजमीन नाही, राहतं घर नाही.

या कायद्याने त्यांच्या छोट्या कारखान्यांना यंत्रं मिळाली आणि यंत्र बनवणाऱ्यांना घरचंच गिऱ्हाईक मिळालं. आज जी इटालियन कंपनी आपल्याला यंत्र विकायला येते, तिची वाढ याच गिऱ्हाइकांवर झाली आहे. २०१३ मध्ये त्यांनी ही सोय नव्या रूपात पुन्हा आणली, लहान-मध्यम उद्योगांच्या यंत्रखरेदीवरच्या व्याजाचा भार हलका करण्यासाठी. म्हणजे याची गरज त्यांना आजही पटते. माझं म्हणणं एवढंच आहे की जे स्वतःच्या लोकांना दिलं, ते यंत्र विकताना आम्हालाही द्या.

हे अशक्य नाही. निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी त्यांची सरकारी संस्था आहे, तिचं मुंबईत कार्यालयही आहे. तिचं बळ आज मोठ्या उद्योगसमूहांच्या कर्जामागे उभं राहतं. त्यातला एक हिस्सा एकत्र बांधलेल्या छोट्या खरेदीसाठी राखावा. एकेका शेडची पत तपासणं त्यांना परवडणार नाही, हे मला समजतं. पण दहा-पंधरा कारखानदारांचा गट, ज्यांचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याच देशाच्या कंपन्यांच्या रांजणगावच्या कारखान्यात जातो, त्यांची पत तपासायला पादुआहून कुणी यायची गरज नाही. मालाचा दर्जा, वेळेवर पुरवठा, पैशांचा व्यवहार, सगळं त्या कंपन्यांच्या खरेदी विभागात नोंदलेलं आहे. आपल्या बाजूनेही वाट आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने यंत्रसामग्रीच्या कर्जासाठी परस्पर पतहमी योजना मंजूर केली, तिच्यात कर्जाच्या साठ टक्क्यांची हमी सरकार घेतं. इथली हमी आणि तिथला विमा एकमेकांना जोडायला हवा. हे काम दूतावासाने आणि आपल्या उद्योग विभागाने बसून करायचं आहे. प्रदर्शनातले स्टॉल वाढवून ते होणार नाही.

पैशाच्या बरोबरीने दुसरी गोष्ट दुरुस्तीची. आमचं हॉबिंग मशीन इटालियन आहे, जुनं घेतलेलं. यंत्र म्हणून अप्रतिम. एका ऑगस्टमध्ये त्याचा सर्व्हो ड्राइव्ह गेला. उत्पादकाला मेल केला तर उत्तर आलं की कारखाना सुट्टीवर आहे, महिनाअखेरीस बोलू. तिकडे ऑगस्टच्या मध्यावर सगळा देश सुट्टी घेतो, ती त्यांची रीत आहे आणि त्यांच्या कामगारांना ती मिळायलाच हवी. पण इकडे तेव्हा दसरा-दिवाळीच्या ट्रॅक्टर विक्रीची तयारी ऐन भरात असते. आमच्याकडून माल उचलायला आलेला टेम्पो रिकामा गेला. शेवटी भोसरीच्या एका कारागिराने कार्ड उघडून, पार्ट बदलून मशीन चालू केलं. ऑगस्टमध्ये फोन उचलणारा एक जाणकार माणूस आणि वीस-पंचवीस नेहमी जाणाऱ्या सुट्या भागांचं एक कपाट रांजणगावात असतं, तर ही वेळ आली नसती. जपानची माझाक कंपनी आपलं केंद्र सणसवाडीत, पुणे-नगर रस्त्यावर मांडून बसली आहे, आमच्याच तालुक्यात. लोक तिची मशिनं महाग असूनही घेतात, त्याचं मोठं कारण हे आहे. एकट्या मध्यम इटालियन कंपनीला असं केंद्र परवडणार नाही. पण पाच-सहा जणी एकत्र आल्या तर? त्यांच्याकडे यंत्रउत्पादकांची मजबूत संघटना आहे, तिने एक छप्पर घ्यावं.

जुन्या यंत्रांबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. आमच्यासारखा माणूस पहिलं विदेशी मशीन बहुधा जुनंच घेतो, तेही दलालामार्फत, फोटो आणि व्हिडिओ बघून. आत काय झिजलंय ते इथे बसवल्यावर कळतं. मूळ उत्पादकाने स्वतःच जुनं मशीन परत घेऊन, स्पिंडल आणि बॉल स्क्रू तपासून, वर्षभराच्या हमीसह विकलं तर दलालापेक्षा जास्त पैसे द्यायला मी तयार आहे. त्यात त्यांचं नुकसान काही नाही. चांगलं जुनं मशीन वापरलेला माणूस पुढचं नवं त्याच कंपनीचं मागतो.

आणि माणसं. बोलोन्यात औषधं, चहा, चॉकलेटची पाकिटं भरणारी यंत्रं बनवणारा अख्खा पट्टा उभा राहिला, त्याच्या मुळाशी अल्दिनी-व्हालेरियानी ही शहराची जुनी तंत्रशाळा आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं कारखान्यांत गेली आणि काहींनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. दौंड तालुक्यात कुरकुंभला औषधांची आणि रसायनांची वसाहत आहे. अशा वसाहतींत पॅकिंग लाइनवरचा बिघाड काढणारा माणूस मिळत नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. शिरूर आणि दौंडच्या मुलांना आयटीआयमध्ये जी मशिनं हाताळायला मिळतात, ती अनेकदा त्यांच्या वडिलांच्या वयाची असतात. इटलीने प्रदर्शनावर होणाऱ्या खर्चातून दरवर्षी एक चालू यंत्र अशा आयटीआयला द्यावं, सोबत एक प्रशिक्षक काही महिने. ज्या मुलाने शिकताना त्या मशीनचं पॅनल उघडलेलं आहे, तो पुढे मालकाला काय घ्यायला सांगेल, हे त्यांच्या विक्री विभागाला मी समजावण्याची गरज नाही. आमच्याकडे मशीन कुठलं घ्यायचं, हे बऱ्याचदा सेटर ठरवतो.

काही जण म्हणतील, आत्मनिर्भरतेच्या काळात बाहेरच्या यंत्रांसाठी एवढी रदबदली का. मला ती शंका रास्त वाटते. पण जे यंत्र आज इथे बनत नाही, त्याच्यावाचून आमचा गिअर विजेच्या गाडीत जाणार नाही, आणि ते काम शिरूरमधून उठून दुसरीकडे जाईल. व्हेस्पाशिवाय चेतक झाली नसती. उघडून, जोडून, चालवून बघितल्यावरच आपली माणसं पुढचं स्वतः बनवतात. माझ्या वडिलांनीही क्रशरचे गिअर असेच, तुटलेला नमुना समोर ठेवून बनवले.

इटलीचं पुढचं शिष्टमंडळ पुण्यात येईल तेव्हा त्यांनी एक दिवस हॉटेलाबाहेर काढावा. सकाळी कारेगाव आणि सणसवाडीच्या शेड बघाव्यात, दुपारी न्हावरा-पारगावमार्गे चौफुल्याला उतरून कुरकुंभला जावं. वाटेत केडगावला गुऱ्हाळही दाखवीन. बरोबर बँकेचा आणि विमा संस्थेचा माणूस असावा. पाच वर्षांच्या हप्त्यावर, यंत्र हेच तारण ठेवून खरेदी करायला तयार असलेल्या कारखानदारांची यादी तोवर मी करून ठेवते. प्रात्यक्षिकासाठी एखादं ग्राइंडिंग मशीन आणणार असतील तर माझ्या शेडमधली जागा, त्याचा काँक्रीटचा पाया आणि वीजजोडणी, तिन्ही माझ्याकडून.