एक रात्रच तर काढायची आहे!

मैत्रिणींनो, आपले ‘हे’ कामासाठी परगावी निघाले, की आपणच त्यांना बजावतो, “चांगल्या ठिकाणी उतरा हं, उगाच काटकसर करू नका.” आणि तीच वेळ आपल्यावर आली, की मात्र म्हणतो, “एक रात्रच तर काढायची आहे! कुठंही चालेल.” शाळेचं प्रशिक्षण, खात्याची परीक्षा, बचतगटाचं प्रदर्शन अशा कामांसाठी आपल्यापैकी कितीतरी जणी हल्ली एकट्या बाहेर पडतात. तेव्हा आज पाककृती राहू दे बाजूला, थोडं हॉटेलाविषयी बोलू या.

आधी माझी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी दादरच्या एका प्रदर्शनात मी साड्या मांडल्या होत्या. दादरला खोलीचं भाडं २,४०० रुपये ऐकलं आणि पोटात गोळाच आला. मग वाशीकडे १,२०० रुपयांत खोली घेतली. निम्मे पैसे वाचले म्हणून मी खूश! रात्री बघते तर काय, दाराची कडी नावालाच. बाहेर जिन्यात माणसांची वर्दळ, जवळ साड्यांची दोन बोचकी. दाराला खुर्ची लावून रात्रभर बसून राहिले. सकाळी डोळे चुरचुरत होते. त्या भरात पहिल्याच गिऱ्हाइकाकडून २,४०० च्या साडीचे १,४०० घेतले. संध्याकाळी हिशेब जुळवताना ध्यानात आलं!

घरी आल्यावर वही काढली. आजच्या कराने मांडायचं, तर वाशीची खोली करासकट १,२६० रुपये, बोचक्यांसह टॅक्सीने जाऊन-येऊन १,३००, नाश्ता १५० — झाले २,७१० रुपये. दादरची खोली करासकट २,५२०, नाश्ता त्यातच, टॅक्सीचे फार तर १००. म्हणजे २,६२०! स्वस्तातली खोलीच ९० रुपयांनी महाग पडली. मोडलेली झोप आणि साडीतले हजार रुपये वेगळेच. भाजी घेताना आपण पालकाचं नुसतं वजन बघत नाही, निवडल्यावर उरेल किती तेही बघतो. खोलीचं तसंच आहे. भाड्याबरोबर जाणं-येणं, खाणं आणि झोप मोजा.

म्हणून काही पंचतारांकित हॉटेलात उतरा, असं मी मुळीच म्हणत नाही. सकाळी आठला कामावर पोचायचं असेल, तर तिथला पोहण्याचा तलाव आपल्या काय कामाचा? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावर गेलात की १८ टक्के. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काही उघडायच्या आधी दरपत्रक वाचा. कपडे धुवायला देतानाही आधी दर विचारा. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला, तर तो काढायला सांगायला लाजू नका. तो देणं ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला आहे.

मात्र बैठक त्याच हॉटेलात असेल किंवा गाडी मध्यरात्री पोचणार असेल, तर चार पैसे जास्त मोजणंच शहाणपणाचं. एरवी कामाच्या जागेजवळचं, मध्यम भाड्याचं, स्वच्छ हॉटेल बरं.

पैसे भरण्याआधी स्वतः फोन करा. रात्री काउंटरवर कुणी असतं का? दाराला आतून कडी आहे का? गरम पाणी किती वाजता येतं? नाश्ता भाड्यातच आहे का? बेत बदलला तर पैसे परत मिळतील का? पलीकडचा माणूस उत्तर द्यायला कंटाळला, तर समजून जा. पोचल्यावर सामान सोडण्याआधी कडी लावून पाहा. नीट नसेल तर तिथल्या तिथे खोली बदलून मागा. ओळखपत्र म्हणून आधारचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. हॉटेलचं नाव आणि खोलीचा नंबर घरी कळवा. अडचण आलीच तर ११२ नंबर लक्षात असू द्या. आणि निघताना पक्कं बिल घ्यायला विसरू नका. ऑफिसात किंवा गटाच्या हिशेबात ते लागतंच.

परवा पुन्हा दादरला जायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, “या वेळी खोली जरा महागाची घेतेय हं.” हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “अगं, मी जातो तेव्हा तू मला विचारतेस का?” खरंच की! आपल्यालाच आपलं काम लहान वाटतं, दुसऱ्याला नव्हे. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी खोली ठरवताना एवढंच करा. ह्यांना जिथं उतरू दिलं नसतं, तिथं आपणही उतरायचं नाही!