सहलीच्या कागदावर संडास का नसतो?

वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत आम्ही एकदा विचारलं, मुंबईला कोण कोण जाऊन आलंय? बहुतेक सगळ्यांचे हात वर झाले. कशासाठी गेला होतात? कोणी सासूला मोठ्या दवाखान्यात दाखवायला, कोणी नणंदेच्या लग्नाला, कोणी पोराच्या भरतीसाठी, आणि जवळजवळ सगळ्याच सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. मग विचारलं, नुसतं शहर बघायला, दोन दिवस फिरायला, वयात आलेल्या पोरांना घेऊन कोण गेलंय? एकही हात वर आला नाही. एकजण हसून म्हणाली, "ताई, ते काय आपलं काम हाय का?"

आमचं म्हणणं असं, की ते आपलंच काम आहे. आणि आरोग्याच्या पानावर आम्ही ते लिहितोय, कारण ते आरोग्याचंच काम आहे.

आपली पोरं दहावी-बारावी होतात आणि हातात अर्ज घेऊन पहिल्यांदा एकटी शहरात उतरतात. कॉलेजचा प्रवेश, वसतिगृह, परीक्षेचं केंद्र. कुठली लोकल धीमी, कुठली जलद, कोणाला विचारायचं, लघवीला कुठं जायचं, काही ठाऊक नसतं. भीतीनं झोप उडते, जेवण जात नाही, पोट बिघडतं. आमची अठरा वर्षं वॉर्डात गेली. परीक्षेच्या दिवसांत पोटदुखी घेऊन येणारी, चक्कर येऊन पडणारी पोरं आम्ही खूप पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांना औषधापेक्षा धीर हवा असायचा. हेच शहर त्यांनी आधी एकदा आईबापाबरोबर, कसलंही काम नसताना पाहिलेलं असेल, तर त्या भीतीचं ओझं बरंच हलकं होतं.

दुसरं म्हणजे विश्रांती. आपल्या पोरांची सुट्टी म्हणजे मंगल कार्यालयात वाढप्याचं काम, भाजीची गाडी, नाहीतर धाकट्यांना सांभाळणं. वर्षात दोन दिवस त्यांना कोणी काही सांगितलं नाही, तर काय बिघडतं?

हे सगळं आम्ही शहाणपणानं लिहितोय, पण आमची स्वतःची पहिली सहल फसली होती. ती सांगतो, म्हणजे तुमची फसणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको आणि पंधरा वर्षांची लेक जालन्याहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी दादरला उतरलो. मुक्काम विक्रोळीला पाहुण्यांकडे. कागदावर यादी तयार होती आणि ती आम्ही दोघांनीच केली होती. एका दिवसात चैत्यभूमी, राजगृह, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, गेटवे आणि चौपाटी. पोरीला दाखवायचंय ना, मग सगळंच दाखवू, असा हिशेब. वार बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते हे आम्हाला भायखळ्याला फाटकापाशी जाऊन कळलं.

दुपारी फोर्टात वस्तुसंग्रहालयाच्या तिकीट खिडकीपाशी आम्हीच घुटमळलो. आत जावं की नको? आपले कपडे, आपल्या पिशव्या. कोणी अडवलं नव्हतं, आमचे पायच अडत होते. शेवटी आत गेलो. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती पाहिल्या. लेक मात्र बाकावर बसून राहिली. चेहरा उतरलेला. आम्ही रागावलो, "एवढा खर्च करून आणलंय आणि तू बसून काय राहतेस?"

चार वाजता कळलं. सकाळपासून तिनं अर्धी बाटली पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. गाडीतला संडास घाण म्हणून तिथं गेली नाही. दादरला गर्दी म्हणून गेली नाही. पुढं तर आम्ही कुठं थांबलोच नाही. त्यात पाळी आलेली, पॅड सकाळचंच. लघवीला आग होत होती, ओटीपोटात दुखत होतं. वस्तीत घरोघरी फिरून 'लघवी दाबून ठेवू नका, पाणी प्या' म्हणून सांगणारे आम्ही, आणि आमच्याच लेकीला दिवसभरात एकदा विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, तुमच्या कागदावर संडास कुठेच नव्हता."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. चौपाटी रद्द केली आणि घरी परतलो. भरपूर पाणी, लिंबू सरबत आणि झोप मिळाली, तशी रात्री तिची आग कमी झाली. इथं एक सांगून ठेवतो. लघवीला आग होत असेल आणि सोबत ताप, थंडी वाजणं, कंबरेत-कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त असेल, तर घरगुती उपायावर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेऊ नका.

दुसऱ्या दिवशीचा कागद तिनं केला. दिवसाला दोनच ठिकाणं. सकाळी आठच्या आत उठवायचं नाही. प्रत्येक ठिकाणी आधी संडास कुठे आहे ते बघायचं. आणि रोज एक गोष्ट अशी, की जिच्यात आईबापांनी बोलायचं नाही.

त्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला गेलो. शंभरांहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आधीपासून अकराव्या शतकापर्यंत त्या डोंगरात खोदकाम आणि वस्ती होती. लेण्यांपाशी कातळात पाण्याच्या पोढी कोरलेल्या आहेत, पावसाचं पाणी साठवायला. लेक म्हणाली, "बघा, त्यांनी पाण्याचा विचार आधी केला." टोमणा बरोबर बसला. पण पायऱ्या चढताना ती सारखी थांबत होती, धाप लागत होती. जालन्याला आल्यावर रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेनऊ. घरात आम्ही ते 'आळशी झालीय' म्हणून धरलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्त कमी असल्याचं आढळलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी दप्तरात ठेवून देतात. ती जेवणानंतर घ्यायची, आणि लगेच चहा प्यायचा नाही. हे आपण सांगतो, पण गोळी पोटात गेली का, ते बघत नाही.

तिसऱ्या दिवशी तिची 'न बोलण्याची' गोष्ट होती मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणं. दोन तास. आम्हाला वाटलं वेळ वाया चाललाय. पण त्या दोन तासांत ती जेवढं बोलली, तेवढं वर्षभरात बोलली नव्हती. नर्सिंगला जायचं नाही, असंही तिथंच सांगून टाकलं. आमचे डोळे पांढरे झाले, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

आता कामाच्या गोष्टी.

झोप. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं. रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उठवत नाही. तो माज नव्हे. पहाटे पाचला उठवून फिरवलं, तर दुपारी चिडचिड होणारच. रात्रीच्या प्रवासानंतर पहिला अर्धा दिवस मोकळा ठेवा.

पाणी आणि पोट. प्रत्येकाची बाटली वेगळी. उकळून गार केलेलं पाणी घरून भरून न्या. ओआरएसच्या दोन पुड्या पिशवीत ठेवा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्ध्या ग्लासात नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वडापाव खा, पण समोर गरम तळलेला. कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा टाळा. पहिल्या दिवसाची भाकरी-चटणी, शेंगदाण्याचा लाडू घरून न्यायला लाज कसली?

पाळी. तारीख बघून बेत करा, पण पाळी येणार म्हणून मुलीला घरी ठेवू नका. पॅड, जास्तीची चड्डी, कागद आणि साबणाचा तुकडा यांची एक छोटी पिशवी तिच्याच खांद्याला असू द्या. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं. पाहुण्यांच्या घरी एकच खोली आणि गल्लीतला सार्वजनिक संडास असतो. पहिल्या रात्री घरच्या बाईला विचारून ठेवा, गर्दी कधी असते, दिवा आहे का, पॅड कुठं टाकायचं. मुलगी हे स्वतः विचारणार नाही. बापानंसुद्धा हा विषय टाळू नये. आमच्या घरी दुसऱ्या दिवसापासून 'थांबूया का?' हा प्रश्न बापच विचारू लागला.

प्रवास. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. बारा वर्षांपासून पूर्ण तिकीट लागतं. एसटीत मुली-बायकांना अर्धं तिकीट आहे. लोकलला सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ चढू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो. बारा वर्षांवरच्या मुलाला महिलांच्या डब्यात बसता येत नाही, म्हणून आई आणि मुलगा दोघंच असाल, तर जनरल डब्यात एकत्र बसा, नाहीतर कुठल्या स्टेशनात उतरायचं आणि कुठं उभं राहायचं ते आधी ठरवा. दोघांचेही नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, मोबाईल बंद पडतो. ११२, रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर पाठ करून घ्या.

वार आणि ऋतू. राणीची बाग बुधवारी बंद, राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी सोमवारी बंद. मे महिन्यात घामानं जीव जातो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालू नका, पायाला जखम असेल तर नाहीच. त्यातून लेप्टो होतो. घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर कुठं जाऊन आलात ते डॉक्टरला सांगा. दिवाळी ते जानेवारी हा काळ बरा.

पैशाचं बोलू. आम्हा तिघांचे तीन दिवसांचे, जाण्यायेण्यासकट पाच हजारांच्या आत गेले, कारण मुक्काम पाहुण्यांकडे होता. ही रक्कम लहान नाही. रोजंदारीवाल्या घराला तर तीन दिवसांची मजुरीही बुडते. पण बारशाच्या मांडवाला, वाढदिवसाच्या बॅनरला आपण उसनं काढतो. बचत गटातल्या चार घरांनी महिन्याला शंभर-दोनशे बाजूला टाकले, तर वर्षाला एका घराची सहल निघते, पुढच्या वर्षी दुसऱ्याची. आणि खर्चाचा कागद पोरांच्या हातात द्या. आमच्या लेकीनं पाचशे रुपये परत आणले.

मुंबईच पाहिजे असंही नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी औरंगाबादची लेणी पाहावीत, नागपूरला जावं. विक्रोळीच्या आमच्या पाहुण्यांची मुलं जन्मापासून मुंबईत आहेत आणि त्यांनी कान्हेरी पाहिलेली नव्हती. ती आमच्याबरोबर आली.

काहीजण म्हणतील, पोरगी वयात आली, तिला कशाला हिंडवायचं? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहून शिकले आणि पुढं दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. शहराच्या ग्रंथालयांवर, संग्रहालयांवर, समुद्रावर आपला हक्क आहे, हे आपण भाषणात ऐकतो. पोरीला ते पायानं चालून कळू द्या. तिकीट खिडकीपाशी आम्ही घुटमळलो, तशी ती घुटमळू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

या सुट्टीत जमलं तर जा. निघायच्या महिनाभर आधी कोरा कागद पोरासमोर ठेवा आणि पेन त्याच्याच हातात द्या. तुमचं काय ते शेवटी सांगा. आणि संडास आधी लिहायला सांगा.