नाटकाची तारीख धान पाहून धरा

दसरा आटोपला की वडशाला नाट्य कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गावोगावच्या मंडळांची वर्दळ सुरू होते. नाटक कोणते, नायिका कोण, विनोदी नट कोण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख कोणती! भाऊबीजेपासून मंडई लागते आणि तेथून थेट होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत नाटकांची झड लागते. शहरात प्रेक्षक मिळत नाही म्हणून रडारड चालते, आणि आमच्या झाडीपट्टीत कापलेल्या धानाच्या बांधीत, अंगावर घोंगडे घेऊन, माणूस तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक पाहतो. दंडार आणि खडी गंमतीपासून चालत आलेली ही हौस आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीलाही या रंगभूमीची दखल घ्यावी लागली.

असे असताना दरवर्षी या दिवसांत एक वाक्य कानावर येते. "नाटकापायी शेतकरी बुडाला." कार्यालयात बसून हे म्हणणे सोपे आहे. नाटकाचे तिकीट शेतकऱ्याला बुडवत नाही. खर्च होतो तो पाहुण्यांचा. मंडईला लेकी-जावई येतात, मामा-मावश्या येतात, चार दिवस घरात दहा-पंधरा पाने उठतात. या गर्दीतच मुलामुलींच्या सोयरिकी जमतात, हे गावातल्या कुणालाही विचारा. मग हा खर्च टाळा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? खरे दुखणे असे की खर्च येतो तेव्हा हातात पैसा नसतो, असतो फक्त ओला धान.

येथे हिशेब नीट पाहावा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये जाहीर झाला. पण खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. नुकताच कापलेला धान त्याहून ओला असतो. त्याला कडपा वाळवणे, भारे बांधणे, पुंजणे रचणे, मळणी, परत वाळवण, एवढे सोपस्कार लागतात. त्यात केंद्र उशिरा उघडले, किंवा उघडूनही बारदाना नाही म्हणून काटा बंद राहिला, की पाहुणे दारात आणि धान खळ्यात. अशा वेळी व्यापारी बैलबंडीसमोर उभाच असतो. तो क्विंटलमागे समजा तीनशे रुपये कमी देतो. दहा क्विंटल दिले तर तीन हजार गेले. हे तीन हजार नाटकाने खाल्ले की घाईने? माझ्या मते घाईने. आणि घाईला दोन बाजू आहेत. केंद्र वेळेवर उघडण्याची एक बाजू सरकारची आहे, ती सरकारने पाहावी. दिवाळीपूर्वी केंद्रे सुरू झाली तर अर्धे दुखणे तिथेच संपेल. दुसरी बाजू गावाच्या हातातली आहे. ती म्हणजे तारीख.

भाऊबीज तिथीप्रमाणे येते, धान तिथी पाहत नाही. २०२३ साली भाऊबीज नोव्हेंबरच्या मध्यावर होती. २०२५ साली ती २३ ऑक्टोबरलाच आली. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक! हलका धान तोवर कापून झालेला असतो, पण भारी धान उभाच. ज्या गावात बहुतेक बांध्या भारी धानाच्या आहेत, तिथे ऑक्टोबरच्या शेवटी नाटक ठेवणे म्हणजे ऐन कापणीच्या तोंडावर गाव जागे ठेवणे. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी कापणीला बाई मिळत नाही की गडी मिळत नाही, अख्खे गाव झोपलेले असते. शेजारच्या गावचेही नाटक त्याच आठवड्यात असले की तेथील मजूरही गेले. तेवढ्यात आभाळ आले आणि कडप्यावर पाऊस पडला, तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, आणि मग केंद्रवाला त्या धानाकडे पाहतही नाही.

तेव्हा मंडळाच्या दोन-चार पोरांनी वडशाला जाऊन बयाणा देण्याआधी ग्रामसभेत तारीख ठरावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एवढेच विचारावे, की भाऊ, यंदा भारी धान किती आहे आणि तो कधी निघणार? मंडई भाऊबीजेच्या मागेपुढे होऊ द्या, तिला धक्का नको. नाटक मात्र मळणीनंतर घ्या. पूर्वी शंकरपटाच्या रात्री नाटक होई आणि पट कधी लागे? धान घरात आल्यावर. २०१४ साली न्यायालयाने पट बंद केले, डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली आणि २०२३ साली त्यावर घटनापीठाचेही शिक्कामोर्तब झाले. तेव्हा पटाची रात्र पुन्हा मोकळी आहे. त्यातही सगळ्या गावांना एकच आठवडा हवा असला की कंपनीने भाव का सोडावा, याचाही विचार मंडळांनी करावा.

आता बांधीविषयी. रंगमंचाचा ओटा आणि प्रेक्षकांची उतरती बैठक करायची म्हणून माती उकरली जाते. वरची वीतभर माती हीच त्या बांधीची कमाई. ती ओट्याखाली गाडली जाते आणि खालची कच्ची माती वर येते. पुढल्या वर्षी त्या पट्ट्यात धान पिवळा आणि बुटका राहतो, बांधीत पाणी एका बाजूला तुंबते, दुसरी बाजू कोरडी. मालक बिचारा म्हणतो, खत कमी पडले. खत कमी पडलेले नसते, राजेहो! वरची माती आधी बाजूला ढीग करून ठेवावी, नाटक संपल्यावर खालची माती खाली आणि वरची वर अशी परत पसरावी आणि पावसाळ्यापूर्वी बांधी सपाट करून द्यावी. हे काम मंडळाचे आहे, मालकाचे नाही. तसेच ज्या बांधीत उभ्या धानात लाखोरी, जवस किंवा वाटाण्याचा उतेरा फेकला आहे, तिथे नाटक ठेवू नये. हजार माणसांच्या पायाखाली उगवलेले रोप राहत नाही. दुसरी जागाच नसेल तर तिकिटाच्या पैशातून मालकाला उतेऱ्याची भरपाई द्यावी. आपल्याकडे मालक संकोचाने मागत नाही आणि मंडळ सोयीने विसरते.

पुंजण्यांचे तर सांगायलाच नको. दरवर्षी पुंजणे जळाल्याच्या बातम्या याच पानावर येतात. एक विडी पुरते. नाटकाची जागा पुंजण्यांपासून आणि तणशीच्या ढिगांपासून लांब असावी. वीज आकडा टाकून घेऊ नये. रीतसर तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा जनरेटर आणावा. पाण्याचा टँकर भरून जवळ उभा ठेवावा, तो चहाच्या दुकानासाठी नाही.

आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या जंगलालगतच्या भागांत वाघाचे काय ते सर्वांना ठाऊक आहे. नाटक पहाटे चार-पाचला सुटते. बाहेरगावच्या माणसांनी तेव्हा दोघा-तिघांनी पायवाटेने निघू नये, उजाडेपर्यंत मंडपातच थांबावे. मंडळाने त्यांच्यासाठी चुलीवर चहा ठेवला तर बिघडत नाही.

एक विनंती पुढाऱ्यांनाही आहे. दहाचे नाटक सत्कार आणि भाषणांमुळे साडेअकराला सुरू होते. आम्हा कृषी खात्याच्या लोकांनाही माईक दिसला की मोह होतो, हे कबूल. त्यापेक्षा पाच मिनिटे द्या. त्यात खरेदी केंद्र कधी उघडणार, नोंदणीसाठी सातबारा आणि बँकेचे पासबुक कुठे द्यायचे, धान किती वाळवायचा, एवढेच सांगून खाली उतरतो. थंडीत कुडकुडत बसलेली माणसे नाटक पाहायला आलेली असतात. रंगमंचावरचे कलावंतही पावसाळ्यात कुणाच्या तरी बांधीत रोवणीच करीत असतात, त्यांनाही पडदा वेळेवर उघडलेला हवा असतो.

वडशाला बयाणा द्यायला निघालेल्या मंडळांनी आधी गावाच्या बांध्यांतून एक चक्कर मारावी. दोन-चार लोंब्या तोडून पाहाव्यात. दाणा हिरवा असेल तर तारीख पुढची मागावी.