बंद घर आणि घरातली जोखीम

व्यापारी बोलीत 'जोखीम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ धोका. दुसरा अर्थ अंगावर किंवा घरात असलेला मौल्यवान ऐवज. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,' असे जुन्या पिढीतील माणसे म्हणत, तेव्हा त्यांना दागिने किंवा रोकड अभिप्रेत असे. जिथे ऐवज तिथे धोका, ही गोष्ट त्यांच्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवली होती. शनिवार-रविवारी घराला कुलूप लावून कुंभोज-बाहुबलीला किंवा कुंथलगिरीला दर्शनास, एखाद्या लग्नकार्यास अथवा महाबळेश्वरला निघताना या शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानात असावेत, यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

बंद घर फोडणाऱ्यास दोन गोष्टींची गरज असते: माहिती आणि वेळ. घर रिकामे आहे आणि आत काहीतरी हाती लागेल, ही माहिती. आणि कुलूप तोडून कपाटे धुंडाळण्याइतका निर्धास्त वेळ. दोन दिवसांच्या सुट्टीत आपण या दोन्ही गोष्टी नकळत त्याच्या पदरात टाकतो. सर्वसाधारण समज असा की, मजबूत कुलूप आणि एक कॅमेरा लावला की काम झाले. परंतु बँकेची शाखा शनिवारी बंद होते, तेव्हा ती केवळ कुलपावर आणि पहारेकऱ्यावर विसंबत नाही. शाखेत किती रोकड राहावी याला मर्यादा असते. त्याहून अधिक रक्कम करन्सी चेस्टकडे रवाना होते. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात आणि किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्याच शाखेत ठेवलेला असतो. आत काय आहे याची नोंद वहीत असते. ही शिस्त घराला लागू करणे मुळीच कठीण नाही.

शनिवारचा गल्ला

व्यापारी कुटुंबाच्या घरात शनिवारी रात्री इतर घरांपेक्षा अधिक रोकड असते, हे कुणापासून लपलेले नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. म्हणजे अशा आठवड्यात शुक्रवारी सायंकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतची विक्री आणि वसुली भरण्यास बँकेची खिडकी उघडी नसते. दुकानातील गल्ला घरी येतो, कपाटात विसावतो आणि कुटुंब प्रवासाला निघते. पेढीवरचा नोकर, हमाल, समोरचा पानवाला, रोज गल्ला घेऊन जाणारी स्कूटर पाहणारा कुणीही या क्रमाचा साक्षीदार असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे घरासाठी रोख मर्यादा ठरवणे. गावाला जाताना घरात अमुक रकमेहून अधिक रोकड राहणार नाही, असा नियम कुटुंबाने एकत्र बसून करावा आणि तो सणासुदीच्या हंगामातही पाळावा. जास्तीची रक्कम शुक्रवारीच बँकेत भरावी. तेवढे जमले नाही, तर बहुतेक मोठ्या बँकांची रोकड स्वीकारणारी यंत्रे सुट्टीच्या दिवशीही सुरू असतात. तेथील दैनंदिन मर्यादा आपल्या शाखेत एकदा विचारून ठेवावी. जे ग्राहक यूपीआयने पैसे देऊ शकतात त्यांना तसा आग्रह करावा. जी रक्कम रोखीने घरात आलीच नाही, ती राखण्याचा प्रश्नही उरत नाही.

आणखी एक गोष्ट. मालक गावाला गेल्यावर व्यवहार अडू नये म्हणून सही केलेले कोरे धनादेश घरच्या किंवा पेढीच्या कपाटात ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. असा धनादेश म्हणजे रक्कम न लिहिलेली रोकडच होय. ती रीत आता बंद करावी. मोबाइलवरून पैसे पाठवता येतात तेथे तिची गरजही उरलेली नाही.

दागिने आणि लॉकर

लग्नाच्या हंगामात लॉकरमधून काढलेले दागिने 'पुढच्या आठवड्यात ठेवू' म्हणत महिनाभर घरी राहतात. घरफोडीत गेलेल्या सोन्याच्या बऱ्याच कहाण्या या 'पुढच्या आठवड्या'पाशी येऊन थांबतात. समारंभ संपल्यावर बँकेच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी दागिने परत ठेवणे हा घरचा रिवाज व्हावा.

लॉकरविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीइतकी असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ही रक्कम ३,००,००० रुपये होते. आत वीस लाखांचे सोने असले तरीही. भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेवर ही जबाबदारी येत नाही. २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. लॉकर घरापेक्षा निश्चित सुरक्षित आहे. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे.

आपण आत काय ठेवले हे बँकेला ठाऊक नसते. म्हणून यादी आपणच करावी: दागिन्याचे नाव, वजन, पावतीचा क्रमांक आणि छायाचित्र. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा 'एचयूआयडी' असणे बंधनकारक झाले आहे. तो क्रमांकही यादीत टिपून ठेवावा. चोरीला गेलेला दागिना सापडल्यास तो आपलाच असल्याचे दाखवण्यास याहून चांगली खूण नाही. जुन्या, वडिलोपार्जित दागिन्यांवर असा क्रमांक नसतो. त्यांची छायाचित्रे तर अवश्य काढावीत. यादीची एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातलगाकडे असावी.

खबर कोण देते?

बहुतेक वेळा आपणच. संघयात्रेला जाणाऱ्या कुटुंबांची नावे तारखांसह फलकावर लागतात. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात 'आम्ही सहकुटुंब निघालो' हा संदेश शेकडो लोकांकडे जातो आणि तेथून कुठे पोचतो, हे कुणास ठाऊक नसते. मुले रस्त्यातूनच छायाचित्रे स्टेटसला ठेवतात. यात्रेचा आनंद जरूर वाटावा, मात्र परतल्यावर. संयोजकांनीही यादी फलकावर लावण्याऐवजी त्या-त्या कुटुंबाला स्वतंत्रपणे कळवली, तर त्यात कुणाचाही मान कमी होत नाही.

घरही बोलत असते. दारात पडलेले रविवारचे वर्तमानपत्र, दूधवाल्याने अडकवून ठेवलेली पिशवी, रोजच्या ठिकाणी न उमटलेली रांगोळी, भर दुपारी जळत असलेला व्हरांड्यातील दिवा, कडीला लोंबणारे भले मोठे कुलूप: यातील प्रत्येक गोष्ट 'आत कुणी नाही' असे सांगते. वर्तमानपत्र आणि दूध दोन दिवस बंद ठेवावे किंवा शेजाऱ्यांनी उचलून घ्यावे असे सांगावे. दिवा सतत सुरू ठेवण्यापेक्षा ठरल्या वेळी लागणारा आणि विझणारा टायमर बसवावा. बाहेरून दिसणाऱ्या कुलपाऐवजी दारातच बसवलेले, आतून-बाहेरून किल्लीने चालणारे कुलूप वापरावे.

दार, खिडकी आणि किल्ली

वर्तमानपत्रांत 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द वारंवार येतात, ते उगाच नव्हे. महागडे कुलूप पातळ कोयंड्याला लावलेले असते. कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा उखडून येतो. म्हणून कुलपापूर्वी चौकट, बिजागऱ्या आणि कोयंड्याचे स्क्रू पाहावेत. केवळ ओढून लावलेल्या लॅचवर भरवसा ठेवू नये. किल्ली फिरवून कुलपाचे दांडे चौकटीत पूर्ण जाऊ द्यावेत. लाकडी दाराबाहेर जाळीचे लोखंडी दार असेल तर चोराला दोन दारे फोडावी लागतात, आणि प्रत्येक दाराचा आवाज होतो. त्याचा वेळ वाढवणे हेच आपले काम.

समोरचे दार भक्कम करून मागची बाजू मोकळी सोडणे ही नेहमीची चूक आहे. स्वयंपाकघराची गॅलरी, न्हाणीघराच्या सरकत्या काचा, गच्चीचे दार, ड्रेनेजच्या पाइपाला लागून असलेली खिडकी यांना गज आहेत का, हे निघण्याच्या दिवशी नव्हे, आधीच्या आठवड्यात पाहावे.

कॅमेरा असेल तर एक साधी गोष्ट विसरू नये. गावाला जाताना आपण सवयीने मुख्य बटण बंद करतो आणि त्यासरशी वाय-फाय व कॅमेराही झोपी जातात. त्यांची जोडणी वेगळी ठेवावी आणि त्यांना इन्व्हर्टरचा आधार द्यावा. गॅसचा रेग्युलेटर मात्र आठवणीने बंद करावा.

किल्ली पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात, कुंडीत किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नये. शोधणारा प्रथम तेथेच हात घालतो. बँकेचा दुसरा संच जसा दुसऱ्या शाखेत असतो, तसा घराचा दुसरा संच दुसऱ्या पत्त्यावर, मोठ्या भावाकडे, लेकीकडे किंवा जुन्या शेजाऱ्याकडे असावा. संयुक्त ताब्याचे तत्त्व कपाटालाही लावता येते: घराची किल्ली ज्याच्याकडे, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसावी. कपाटाची किल्ली त्याच कपाटावर किंवा साड्यांच्या घडीखाली ठेवणे म्हणजे कुलूप न लावल्यासारखेच. घरातील लहान तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की नसेल, तर ती उचलून नेता येते.

शेजारी हा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत उपयोगी पहारेकरी आहे. निघताना त्यांना आपला मोबाइल क्रमांक, परतीचा दिवस आणि 'या काळात आमच्याकडे कुणीही येणार नाही' एवढे स्पष्ट सांगावे. चोर कधीकधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग काम सुरू करतात. आपले दार बाहेरून लावलेले आढळल्यास त्यांनी लगेच ११२ क्रमांकावर फोन करावा, हेही ठरवून ठेवावे. हद्दीतील पोलीस ठाण्यास आगाऊ कळवल्यास गस्तीवरील पोलीस त्या बाजूने लक्ष ठेवू शकतात. घरातील मदतनीस आणि नोकरांची रीतसर नोंदणी अवश्य करावी. मात्र केवळ ते गरीब आहेत म्हणून त्यांच्यावर संशय घेणे हा अन्याय आहे. विश्वास आणि नोंद या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

विमा काय देतो, काय देत नाही

१ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी अनेकांकडे आहे. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी आहे. तिच्यातील चोरीचे संरक्षण अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते मर्यादित आहे. साध्या शनिवारी झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि मौल्यवान दागिन्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो.

घरफोडीच्या विम्यात आणखी एक अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या व्यापारी पेढीच्या गोदामातील मालासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की, पॉलिसीत बळजबरीने प्रवेश अशी व्याख्या असेल, तर बळाचा वापर झाल्याचे दिसल्याशिवाय भरपाई मिळत नाही. म्हणजे उघड्या राहिलेल्या दारातून किंवा पायपुसण्याखालच्या किल्लीने चोर आत आला, तर चोरी खरी असूनही दावा अडचणीत येऊ शकतो. घर दीर्घकाळ रिकामे राहणार असेल तर तसे कळवण्याची अटही अनेक पॉलिसींत असते; लांबच्या यात्रेपूर्वी ती वाचावी.

दुर्दैवाने घडलेच तर

परतल्यावर कुलूप तुटलेले दिसले तर आत शिरू नये. चोर अजून आत असू शकतो. ११२ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत कपाटांना, दारांना हात लावू नये, म्हणजे बोटांचे ठसे राहतील. आपण परगावी असलो तरी फिर्याद थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, पोलीस ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकरची किल्ली गेली असल्यास त्याच तासाला बँकेस कळवावे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. घरातून गेलेली रोकड हिशेबाच्या वहीत नसेल, तर फिर्यादीत आकडा कमी सांगण्याचा मोह होतो. पाच लाख गेलेले असतात आणि लिहिले जातात पन्नास हजार. पुढे चोर सापडतो, मुद्देमाल हस्तगत होतो आणि उरलेली रक्कम आपली आहे असे न्यायालयापुढे म्हणण्यास कागद उरत नाही. विमा कंपनीही फिर्याद आणि हिशेबाच्या वह्या ताडून पाहते. रोजमेळात नसलेला पैसा दोनदा जातो: एकदा चोराच्या हाताने आणि एकदा आपल्या मौनाने. त्यामुळे दररोज सायंकाळी रोजमेळ पूर्ण करणे हा केवळ कर सल्लागाराचा आग्रह नव्हे. तोही घराच्या बंदोबस्ताचाच भाग आहे.

आपल्या परंपरेने गृहस्थाला परिग्रहाचे परिमाण ठरवण्यास सांगितले आहे. त्याचा हेतू आत्मिक आहे, हे खरे. परंतु गावाला निघताना घरात किती ठेवायचे याची मर्यादा आखणाऱ्या कुटुंबास त्याचा व्यावहारिक लाभही होतो. ज्या घरात नेण्याजोगे थोडे आहे, जे आहे त्याची नोंद आहे आणि ज्याच्या शेजारी जागे आहेत, त्या घराचे कुलूप लावून निघताना मन मागे राहत नाही. येत्या शुक्रवारी बँक बंद होण्यापूर्वी आपल्या घराची रोख मर्यादा ठरवावी. बाकीची कामे त्यामागून सहज होतील.